सबक आणि सवय

आमच्या नायगावातले एखादे मुसलमान पोर सकाळी मदरशात जाते, दुपारी शाळेत. मदरशात उस्ताद प्रत्येकाचा सबक वेगळा ऐकतात. चुकले तर तिथेच कबूल करून पुन्हा म्हणायचे. शाळेत सारा वर्ग एकसुरात पाढे म्हणतो. न येणारा नुसते ओठ हलवतो. पाढा राहतो तो राहतोच, वर लपवायची सवय लागते.

उलट, अर्थ न कळता पाठ केलेले आचरणात कसे उतरावे? तिथे शाळेतला ‘का?’ हवा. १८७४ साली बद्रुद्दीन तय्यबजी प्रभृतींनी मुंबईत अंजुमन-इ-इस्लाम काढली. तिथे धर्मशिक्षणाच्या जोडीला नवी विद्या आली.

गुरुजी, उद्या एका तरी मुलाला जवळ बसवून पाढा ऐका. अडला आणि ‘येत नाही’ म्हणाला, तर आधी शाबासकी द्या, मग पाढा.