डाग सोडवणारं विकर

कॉलरवरचा घामाचा मळ, लाळेऱ्यावर वाळलेलं दूध, रक्ताचा ठिपका. प्रथिनांचे हे डाग नुसत्या साबणाला दाद देत नाहीत. म्हणून धुण्याच्या पावडरीत प्रोटिएज हे विकर, म्हणजे एन्झाइम, घालतात. ते प्रथिनांची लांबलचक साखळी तोडतं आणि तुकडे पाण्याबरोबर वाहून जातात.

हे विकर बनवतात बॅसिलस गटातले जिवाणू. पोलादाच्या बंद टाक्यांत त्यांना स्टार्च, सोयाबीनचं पीठ आणि निर्जंतुक हवा पुरवतात. विकर ते पेशीबाहेर सोडतात, त्यामुळे गाळून वेगळं करणं सोपं जातं. 1960च्या दशकात मात्र त्याची भुकटी श्वासात जाऊन कारखान्यांतल्या कामगारांना दमा होऊ लागला. मग विकराचे दाणे करून त्यांवर आवरण चढवलं गेलं. मला ही सुधारणा फार मोलाची वाटते.

दुसरी अडचण ब्लीचची. विकर स्वतःही प्रथिनच; त्याच्या साखळीतल्या 222व्या जागेवरचं मेथिओनीन हे अमिनो आम्ल ब्लीचमुळे बिघडायचं आणि विकर निकामी व्हायचं. 1985 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी तिथे इतर अमिनो आम्लं बसवून पाहिली. ॲलनिन किंवा सेरीन असलं की विकर तग धरत होतं.

शास्त्रज्ञ फ्रान्सिस अर्नॉल्ड यांनी वेगळी वाट धरली. जनुकात वाटेल तिथे बदल घडू द्यायचे, त्यातून सरस विकर निवडायचं, पुन्हा बदल, पुन्हा निवड. या कामासाठी त्यांना 2018 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

साबणाचं पाणी अल्कधर्मी असतं, म्हणून विकरही अशा पाण्यात टिकणारं लागतं. तशाच अल्कधर्मी पाण्याच्या आपल्या लोणार सरोवरातूनही प्रोटिएज बनवणारे जिवाणू संशोधकांनी वेगळे केले आहेत.