पाण्याचे पंचांग आणि वाऱ्याचे पंचांग

बऱ्हाणपूरच्या राजघाटावर संध्याकाळी बसलेल्या माणसाला समुद्राची आठवण व्हावी, असे वरवर पाहता काही कारण नाही. समोर तापीचे संथ पात्र, पलीकडे जैनाबाद, आणि पाठीशी जुन्या शहराचा कोट. परंतु हीच तापी मुलताईजवळ उगम पावून, आपल्या घाटांना स्पर्श करून भुसावळकडे वळते आणि एकंदर ७२४ किलोमीटरांचा प्रवास संपवून सुरतेच्या पुढे डुमसजवळ अरबी समुद्राला मिळते. आपल्या बाजारात सुके बोंबील येतात, तेही त्याच समुद्राचे. सर टॉमस रो हा इंग्रज वकील सप्टेंबर १६१५ मध्ये सुरतेजवळ सुवाली येथे उतरला आणि नोव्हेंबरात बऱ्हाणपुरास शाहजादा परवेझच्या भेटीस आला. त्या काळी आपल्या शहराचे कापड सुरतेच्याच वाटेने परदेशी जात असे. तेव्हा समुद्र आपणांस दूर असला, तरी परका खचित नाही.

त्या समुद्रावर पोट असणारा कोळी घरातून केव्हा निघतो, कशाच्या आधारावर निघतो आणि कोणत्या वेळी त्याने निघू नये, याविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

आपण तिथी पाहतो ती एकादशीचा उपवास, चतुर्थीचा चंद्रोदय किंवा लग्नाचा मुहूर्त यांसाठी. कोकणातील कोळ्याला तिथीवरून घड्याळ लावता येते. त्याचा हिशेब अगदी सोपा आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. जो आकडा येईल, त्या वाजण्याच्या सुमारास भरती पुरी होते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, दशमीला साडेसात वाजता. पक्ष शुक्ल असो की कृष्ण, हिशेब तोच. अमावास्या आणि पौर्णिमा या दोन्ही तिथींना भरती दुपारी व मध्यरात्री बाराच्या आगेमागे येते. एका भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी पुरी होते आणि साडेबारा तासांच्या आतच दुसरी भरती येते. थोडा इकडचा तिकडचा फरक सोडला, तर मुंबई व कोकणच्या किनाऱ्यावर हा पाऊणपटीचा हिशेब आजही उपयोगी पडतो.

हे असे का होते? चंद्राच्या आकर्षणाने पृथ्वीवरील सागराच्या पाण्याला दोन बाजूंनी फुगवटा येतो, एक चंद्राच्या समोर आणि दुसरा त्याच्या विरुद्ध बाजूस. पृथ्वी स्वतःभोवती फिरताना आपला किनारा या दोन्ही फुगवट्यांखालून जातो, म्हणून दिवसातून दोन भरत्या. दरम्यान चंद्रही आपल्या मार्गावर थोडा पुढे सरकलेला असतो. त्याला गाठावयास पृथ्वीला सुमारे ५० मिनिटे अधिक लागतात, म्हणून भरतीची वेळ रोज तितकी पुढे जाते. सूर्यही पाण्याला फुगवटा आणतो, पण भरती आणण्याचा त्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी. अमावास्येला आणि पौर्णिमेला दोघे एका रेषेत येतात आणि त्यांचा जोर एकत्र होतो. तेव्हा भरती फार चढते आणि ओहोटीही फार खोल जाते. हे उधाण. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ काटकोनात असते, पाणी ना फार चढत ना फार उतरत. हा भांग. दोहोंचाही खरा जोर त्या त्या तिथीनंतर एक-दोन दिवसांनी दिसतो.

मात्र सर्व किनाऱ्यावर हे सारखे घडत नाही. गोवा-रत्नागिरीकडे उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतील अंतर दोन मीटरांच्या आसपास असते. मुंबईस ते चार मीटरांच्या घरात जाते. आणि आपली तापी ज्या खंबायतच्या आखातात पडते, तेथे भावनगरपाशी ते दहा मीटरांच्या आसपास पोहोचते. आखाताचा आकार नरसाळ्यासारखा असल्यामुळे आत शिरणारे पाणी दाटते आणि उंच चढते. तेथे भरतीही मुंबईपेक्षा काही तास उशिरा येते. म्हणजे कोकणातील पाऊणपट तिकडे जशीच्या तशी चालावयाची नाही. प्रत्येक बंदराचे गणित निराळे, आणि ते त्या बंदरातच शिकावे लागते. मुंबईस अपोलो बंदरावर समुद्राच्या पातळीची नोंद १८७८ सालापासून होत आली आहे. अशा नोंदींच्या आधारे भारतीय सर्वेक्षण विभाग बंदरोबंदरीच्या भरतीची कोष्टके वर्षभर आधी छापतो. पुढील वर्षीच्या एखाद्या दिवशी पाणी किती वाजता किती चढेल, हे आज सांगता येते. निसर्गाच्या फार थोड्या गोष्टींविषयी मनुष्याला इतक्या खात्रीने बोलता येते.

आता या ज्ञानाचा मासेमारीशी संबंध पाहू. वसई, वर्सोवा या भागांत बोंबील पकडण्यासाठी डोल जाळे लावतात. हे जाळे म्हणजे एक मोठी निमुळती पिशवी. ती समुद्रात एका ठिकाणी बांधून ठेवतात आणि भरती-ओहोटीचा प्रवाहच मासळी तिच्या तोंडात आणून घालतो. येथे जाळे माशांमागे धावत नाही, पाणी मासे घेऊन जाळ्याकडे येते. साहजिकच उधाणाच्या दिवसांत प्रवाहाला जोर असतो, तेव्हा डोल भरते. भांगाच्या दिवसांत प्रवाह मंदावतो, जाळ्याचे तोंड नीट उघडत नाही, आणि ते दिवस पुष्कळदा जाळी विणण्या-सांधण्यात जातात. प्रवाह उलटण्यापूर्वी पाणी काही वेळ थबकते. जाळे उचलावयाचे ते त्या वेळी. ती वेळ चुकली, तर पुढच्या थबकीपर्यंत सहा तास खोळंबावे लागते.

खाडीतून बाहेर पडणारी होडी ओहोटीची ओढ घेऊन निघते आणि भरतीबरोबर घरी येते. खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा असतो. अपुऱ्या पाण्यात त्यावर नाव रुतली, तर बाहेरून येणारी लाट तिला आडवी करावयास वेळ लावीत नाही. खडकांवरील कालवे आणि चिखलातील तिसऱ्या काढणाऱ्या कोळणींचा हिशेब याच्या उलट आहे. त्यांना खोल ओहोटी हवी. अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास. एरवी पाण्याखाली असणारा खडक त्या पहाटे उघडा पडतो आणि टोपल्या घेऊन बायका तेथे हजर असतात. चंद्राच्या प्रकाशाचाही विचार करावा लागतो. काळोख्या रात्री बांगड्या-तारल्यांचा थवा हलला की पाणी आतून चमकते, आणि अनुभवी तांडेल त्या चकाकीवरून थवा ओळखतो. चांदण्यात ती चकाकी दिसत नाही.

इतके ऐकल्यावर कोणासही वाटेल की, तिथी कळली म्हणजे समुद्र कळला. श्रोतेहो, याच ठिकाणी सावध व्हावयास हवे. पाणी चंद्राचे ऐकते, परंतु वारा सूर्याचा आहे. जमीन आणि समुद्र कमीअधिक तापल्यामुळे वारे सुटतात. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे शिडाची होडी बाहेर नेत आणि दुपारनंतरचे खारे वारे तिला परत आणीत. हे रोजचे झाले. वर्षाचे पाहिले तर नैर्ऋत्य मोसमी वारा उन्हाळ्याच्या तापमानाने येतो आणि सूर्य दक्षिणेकडे कलला की ओसरतो. त्याला तिथी ठाऊक नाही.

नारळी पौर्णिमेचेच उदाहरण घ्या. या दिवशी कोळी बांधव समुद्राला नारळ अर्पण करतात आणि नव्या हंगामास आरंभ करतात. ही पौर्णिमा २०२० साली ३ ऑगस्टला आली. २०२३ साली अधिक श्रावण असल्यामुळे ती ३० ऑगस्टला आली. दोहोंत जवळजवळ महिन्याचे अंतर. पाऊस आणि वारा यांनी अधिक मासाची वाट पाहिली असेल काय? अर्थातच नाही. जुन्या लोकांना हे कळत होते. सण झाला तरी समुद्राचे तोंड पाहूनच ते नाव लोटीत. महाराष्ट्रात सागरी मासेमारीचे नियमन करणारा कायदा १९८१ साली झाला. यांत्रिक नौकांना पावसाळ्यात जी मासेमारीबंदी असते, ती पश्चिम किनाऱ्यावर गेली कित्येक वर्षे १ जून ते ३१ जुलै अशी, म्हणजे सौर तारखांनी ठरविली जाते. ती माशांच्या विणीसाठी आहे, तशीच माणसांच्या जिवासाठीही आहे.

या दोन पंचांगांची गल्लत किती महाग पडते, याची एक कठोर साक्ष आपल्यापुढे आहे. ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान हे चक्रीवादळ अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. पावसाळा संपला होता, नारळी पौर्णिमा होऊन तीन महिने लोटले होते, हंगाम भरात होता. कार्तिक वद्य अष्टमी उलटून गेली होती, म्हणजे दिवस भांगाचे होते. तिथीच्या हिशेबाने पाहिले तर समुद्र अगदी मवाळ असावयाचा. पण रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडील कित्येक नौका त्या वादळात सापडल्या आणि अनेक मच्छीमार पुन्हा घरी आले नाहीत. पंचांगात काही चूक नव्हती. भरती सांगितल्या वेळीच आली असेल. मात्र वादळाचा प्रश्न पंचांगाला विचारावयाचाच नसतो.

आणि दोन्ही पंचांगे एकाच दिवशी कोपली तर काय होते, ते आपल्या तापीने दाखविले आहे. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या खोऱ्यात अतिवृष्टी झाली. उकाई धरणातून दर सेकंदाला सुमारे नऊ लाख घनफूट पाणी सोडावे लागले आणि ७ ऑगस्टपासून सुरत शहर पाण्यात बुडाले. त्या वर्षी श्रावणातील पौर्णिमा ९ ऑगस्टला होती. उधाण जवळ आले होते. वरून लोटणारा पूर आणि समोरून चढणारी भरती यांची गाठ पडली आणि नदीचे पाणी समुद्रात शिरण्यास अडथळा झाला. आपल्या घाटावरून गेलेले पाणी तिकडे खाली भरतीपुढे उभे राहिले. राजघाटावर बसून समुद्राचा विचार का करावा, याचे याहून स्पष्ट उत्तर मजपाशी नाही.

मग कोळ्याने करावे काय? क्रम लक्षात ठेवावा. पहिला प्रश्न आकाशाला, दुसरा पाण्याला. भारतीय हवामान विभाग १८७५ सालापासून हे काम करीत आहे. त्याच्या सूचनेवरून बंदरावर वादळी बावटा चढतो आणि आकाशवाणीवरून मच्छीमारांसाठी इशारे दिले जातात. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था उपग्रहांनी टिपलेले समुद्राचे तापमान आणि पाण्यातील हरितद्रव्य यांवरून मासळी कोठे मिळण्याचा संभव आहे ते कळविते. उंच लाटांविषयीही ती सावध करते. आकाश निरभ्र असतानाही हजारो मैलांवरील वादळाची लाट आपल्या किनाऱ्यावर येऊन आदळते, म्हणून केवळ आपल्या डोक्यावरचे आभाळ पाहून भागत नाही. हवामानाने संमती दिली, तर मग तिथी पाहावी, भरतीची वेळ काढावी, आणि निघण्याची व परतण्याची घटका निश्चित करावी.

हे सांगणे सोपे आहे. उधाणाचे चांगले दिवस पंधरवड्यात चार-पाच. डिझेलचे पैसे उसने आणलेले, बर्फ भरलेला, खलाशी येऊन बसलेले. नेमका त्याच दिवशी बावटा लागला, तर नाव किनाऱ्यावर ठेवणे म्हणजे पंधरवड्याच्या मिळकतीवर पाणी सोडणे होय. शिवाय पुष्कळदा इशारा मिळूनही वादळ दुसरीकडे वळते, आणि मग ‘उगाच थांबलो’ असे वाटते. पुढच्या खेपेस पाय लवकर उचलला जातो, तो याच हळहळीमुळे. म्हणून ज्या दिवशी नाखवा नाव ओढून घेतो आणि वादळ येत नाही, तो दिवस वाया गेला असे निदान आपण, जेवणाऱ्यांनी तरी, म्हणू नये. बाजारात त्या आठवड्यात मासळी महागली, तर ती कोणाच्या तरी सुखरूप असण्याची किंमत समजून द्यावी.

चंद्राचा हिशेब वर्षभर आधी मांडता येतो, वाऱ्याचा रोज नव्याने मांडावा लागतो. कोळ्याच्या घरी भिंतीवर पंचांग टांगलेले असते, आणि बातम्यांनंतर हवामानाचा वृत्तांत लागला की घरातील बोलणे थांबते. या दोहोंपैकी एकाला विसरून चालत नाही. आज रात्री आपण तापीच्या काठी गेलात, तर आकाशाकडे पाहून तिथी ओळखा आणि तिची पाऊणपट करा. तितक्या वाजता कोकणातील एखाद्या खाडीत पाणी भरून आलेले असेल. आणि त्या पाण्यावर आज नाव लोटावी की नाही, याचे उत्तर तेथला तांडेल चंद्राकडे न पाहता वाऱ्याकडे तोंड करून शोधीत असेल.