मल्लखांब-शिक्षकांचे शिक्षण



मध्य प्रदेश शासनाने 2013 साली मल्लखांबास राज्यक्रीडेचा मान दिला. पांढुर्णा व सौंसर येथील शाळांनी हा खेळ रुजवावयाचा, तर प्रथम शिक्षक घडविले पाहिजेत. शेजारच्या अमरावतीस 1914 साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने ही परंपरा जोपासली आहे.

उत्तम खेळाडू हा उत्तम शिक्षक असतोच असे नाही. मग शिक्षकांचा शिक्षक होणे त्याहून अवघड. त्याने खांबावरील मुलाबरोबरच त्यास आधार देणाऱ्या नवशिक्या शिक्षकाच्या हातांकडेही पाहावे. गादी नीट अंथरली काय, सोपी पकड पक्की होण्यापूर्वीच अवघड उडी शिकविली काय, हे तपासावे. चूक मुलांदेखत न काढता मागाहून समजावून द्यावी. कारण शिक्षकाला जडलेली एक चुकीची सवय पुढे अनेक मुलांच्या जिवावर बेतू शकते.