घर विकण्यापूर्वीं दर्शनी दाराकडे पाहा



वडिलार्जित घर विकणें हा आपल्याकडे सुखाचा प्रसंग मानीत नाहींत. तथापि मुलें पुण्या-मुंबईस स्थायिक झालीं आणि वडील माणसांस जिने चढवेनासे झाले, म्हणजे जुन्या जालन्यांत काय किंवा कुंडलिकेपलीकडे कादराबादेंत काय, अनेक कुटुंबांस तो निर्णय घ्यावाच लागतो. मग प्रश्न येतो, दर्शनी दारावर खर्च करावा कीं नाहीं? माझें उत्तर असें कीं, करावा. पण थोडा, आणि सचोटीनें.

वहीचें पहिलें पान पाहून आंतील अक्षराचा अंदाज बांधण्याची संवय मला शिक्षकी पेशांत जडली. घर घेणारा गृहस्थही तेंच करतो. कडी वाजवून तो क्षणभर ओट्यावर उभा राहतो. तेवढ्यांत त्याची दृष्टि पायऱ्या, उंबरठा व चौकट यांवरून फिरते. दाराची निगा जशी, तशीच माळवदाचीही असेल, असा तर्क तो करून चुकतो.

आरंभ पाण्यापासून करावा. पन्हळीचें पाणी पायऱ्यांशीं सांचत असेल, तर तें दूर जाईल असा उतार करून घ्यावा. आपल्या भागांतील काळी माती पावसाळ्यांत फुगते आणि उन्हाळ्यांत आकसून भेगाळते. तिच्यावर उभारलेल्या घराचा पाया त्यामुळें हलतो, चौकट तिरकी होते आणि दार अडतें. असें दार नुसतें रंधा मारून सुधारत नाहीं. आधीं पाण्याची वाट बदलली पाहिजे.

नंतर चौकट पाहावी. तिच्या खालच्या टोकांवर बोटानें ठोकावें. पोकळ आवाज आला तर वाळवीचा संशय घ्यावा आणि बिघडलेला भाग काढून सुताराकडून नवें सागवान जोडून घ्यावें. जुना रंग खरवडावयाचा असेल तर ओला करून खरवडावा, कारण त्यांत शिसें असण्याचा संभव असतो. लाकूड वाळल्यावर जवसाचें तेल हलक्या हातानें चोळावें. तेलाच्या चिंध्या मात्र बोळे करून कोपऱ्यांत टाकूं नयेत. त्या आपोआप पेट घेऊं शकतात. त्या उघड्यावर पसरून वाळवाव्या. चुन्याच्या भिंतीस चुन्याचाच हात द्यावा. तैलरंगानें ओल आंत कोंडते आणि वर्षभरांत पोपडे सुटूं लागतात.

जुनी कोरीव चौकट काढून वेगळी विकावी आणि तिच्या जागीं पत्र्याचें दार बसवावें, असा मोह कित्येकांस होतो. येथें कायदा ध्यानांत ठेवावा. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचें ८ वें कलम असें सांगतें कीं, वेगळें कांहीं ठरलें नसेल तर घराबरोबर त्याचीं कुलुपें, किल्ल्या, अडसर, दारें आणि खिडक्या घेणाऱ्याकडे जातात. तेव्हां दार आपणांस ठेवावयाचें असेल, तर तें पहिल्याच बोलण्यांत सांगावें आणि खरेदीखतांतही स्पष्ट लिहावें. व्यवहार ठरल्यावर रात्रींतून चौकट नाहींशी करणें हें भांडणास आमंत्रण होय.

त्याच कायद्याचें ५५ वें कलम याहून महत्त्वाचें आहे. घराचा जो मोठा दोष विकणाऱ्यास ठाऊक आहे, परंतु घेणाऱ्यास साधारण दक्षतेनें दिसणार नाहीं, तो विकणाऱ्यानें सांगितला पाहिजे. चौकटीवरील भेग गिलाव्यानें बुजवून वर आंब्याचें तोरण बांधणें, ही शोभा नव्हे, फसवणूक आहे. भेग अवश्य बुजवावी. पण ती कां पडली, किती वर्षांची आहे, हेंही बोलावें. त्यापायीं किंमत थोडी उतरेल. परंतु आपण गांव सोडलें तरी आपले भाऊबंद त्याच आळींत राहणार असतात, आणि घेणाऱ्याचा राग त्यांस ऐकावा लागतो.

शेवटीं ओटा धुवून काढावा, दिवा नीट लागतो कीं नाहीं तें पाहावें आणि कुलपांत तेल घालावें. किल्ली हातीं देतांना तें एका फेऱ्यांत उघडलें पाहिजे. आणि आपण सांगितलेली प्रत्येक गोष्ट पुढच्या पावसाळ्यांत खरी ठरली पाहिजे.