दाण्यांचे दूध



आज दुधाविषयी चार गोष्टी सांगतो. पण हे दूध गाईचे नाही, म्हशीचेही नाही. हे आहे शेंगदाण्यांचे दूध.

तुम्ही म्हणाल, दाण्याला कुठली आली कास? मग नारळाला तरी कुठे आहे? भिवंडीच्या बाजूला आपण नारळ खवतो, वाटतो, पिळतो आणि रस काढतो. त्याची सोलकढी करतो. दाण्याचीही रीत तीच.

दाणा मोठा कसाचा. त्याचा चौथा भाग प्रथिने असतात. प्रथिनांनी अंग भरते. जवळजवळ निम्मे तेल असते. त्याने ताकद येते.

आता कृती ऐका. एक वाटी कच्चे दाणे रात्री भिजत घाला. सकाळी ते पाणी टाकून द्या. दाणे चोळून साल काढा आणि धुवा. मग पाट्यावर, नाहीतर मिक्सरमध्ये, गंधासारखे बारीक वाटा. त्यात चार वाट्या स्वच्छ पाणी मिसळा. फडक्यातून घट्ट पिळा.

फडक्याला भिवंडीत काय तोटा? हे तर यंत्रमागांचे गाव! पण मागावरच्या कोऱ्या कापडाला खळ असते, बरं का. ते आधी चांगले धुवा, पाण्यात उकळा, उन्हात वाळवा. मगच वापरा.

पिळलेले दूध चुलीवर ठेवा. सारखे ढवळा. नाहीतर ते तळाला लागते, फेस येऊन उतूही जाते. उकळी आल्यावर मंद आचेवर दहा मिनिटे ठेवा. मग गूळ आणि वेलची घाला. चोथा टाकू नका. तो आमटीला, चटणीला चालतो. दूध मात्र त्याच दिवशी संपवा.

आता सर्वांत महत्त्वाचे. दाणे नीट निवडा. आपल्याकडे पावसाळ्यात हवा दमट. डब्यातल्या दाण्यांना बुरशी धरते. त्या बुरशीत विष असते. ते काळजाला, म्हणजे यकृताला, मारक. १९६० साली इंग्लंडात दाण्याची बुरशीची पेंड खाऊन एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले. तेव्हा या विषाचा शोध लागला. १९७४ साली राजस्थान आणि गुजरातच्या खेड्यांत बुरशी आलेला मका खाऊन शंभराहून जास्त माणसे दगावली. हे विष घरच्या उकळण्याने जात नाही. म्हणून काळा, हिरवट, सुरकुतलेला, कडू दाणा दिसला की फेकून द्या. दोन पैशांचा लोभ धरू नका.

आणखी एक. हे दूध तान्ह्या बाळाला देऊ नका. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचेच दूध. हाडांना लागणारा चुना गाईम्हशीच्या दुधात भरपूर असतो. दाण्याच्या दुधात तो फार थोडा. म्हणून मोठ्या मुलांना याच्या जोडीला नाचणीची भाकरी द्या, जमेल तसे दूध-ताक द्या. कुणाला दाणे खाऊन अंगावर गांधी उठतात, श्वास कोंडतो. त्यांना हे दूध वर्ज्य. श्वास कोंडला तर ताबडतोब दवाखाना गाठा.

गांधीजींची गोष्ट घ्या. त्यांनी १९१२ साली दूध सोडले. दाण्याचे लोणी आणि लिंबू यांवर ते राहत. १९१८ साली ते फार आजारी पडले. दुधाच्या जागी चालेल असे काही त्यांना सापडेना. शेवटी कस्तुरबांनी शेळीचे दूध सुचवले आणि ते त्यांनी घेतले. एवढ्या निग्रही माणसालाही दुधाला तोड मिळाली नाही.

तेव्हा दाण्याचे दूध हा दुधाचा जोडीदार समजा. ज्या घरी सगळे दूध चहातच जाते, तिथे पोरांच्या हातात त्याचा एक पेला द्या. पण आधी दाणे सुपात घ्या, उजेडात बसा आणि एकेक दाणा डोळ्यांखालून घाला.