न दिसणारी जखम

हातपाय गमावून परतलेल्या शिपायाची जखम आपणांस दिसते. मेंदूस इजा झालेल्याची दिसत नाही, म्हणून लोक त्यास आळशी अथवा भ्रमिष्ट ठरवितात. इ. स. १९४३ साली स्मोलेन्स्कच्या आघाडीवर एका २३ वर्षांच्या रशियन अधिकाऱ्याच्या डोक्यात गोळी शिरली. प्राण वाचले, परंतु वाचन गेले, डावे-उजवे कळेना, ओळखीच्या वस्तूंची नांवे आठवेनात. अलेक्झांडर लूरिया ह्या मानसशास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली तो पुन्हा मुळाक्षरे गिरवूं लागला. एकेक अक्षर आठवून लिहिणे कांही केल्या साधेना. तेव्हा एका डॉक्टराने सुचविले, की हात न उचलतां सबंध शब्द एका दमांत लिहून टाक. आणि काय नवल, हाताने तो लिहिला! स्मृतीची वाट बुजली होती, हाताची संवय शाबूत होती. अशी शाबूत वाट हुडकून काढणे, हेच ह्या शुश्रूषेचे मर्म. तेथे घाईचे काम नाही, आणि घाई बहुधा आम्हां नातलगांनाच असते. पुढे सुमारे २५ वर्षे तो आपली हकीकत लिहीत राहिला. दिवसभर खपून जेमतेम एखादे पान होई. अशी सुमारे ३,००० पाने भरली. स्वतःच लिहिलेले वाचणे मात्र त्यास अखेरपर्यंत जड गेले.