तापलेले रबर



मागे एका शाळेस भेट दिली असता सातवीतील एका मुलाने मला प्रश्न केला. अमेरिकेतील ‘ड्रॅग रेसिंग’ नावाच्या मोटारशर्यतीचे चलचित्र त्याने पाहिले होते. “शर्यतीआधी गाडी जागच्या जागी चाके फिरवून धूर काढते. गुरुजी म्हणतात, ती नुसती ऐट आहे. मग सगळेच तसे का करतात?” प्रश्न रास्त होता, आणि त्यात एक संपूर्ण पाठ दडलेला होता.

ही शर्यत सरळ रेषेत धावावयाची. अंतर मुळात पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर. सर्वांत वेगवान गाड्यांसाठी ते २००८ साली १००० फुटांवर आणले गेले. त्या गाड्या एवढे अंतर चार सेकंदांच्या आत तोडतात. यंत्राची सारी शक्ती जमिनीस पोहोचवितात ती मागची दोन चाके. त्यांचे टायर सुमारे दीड फूट रुंद, नक्षीविरहित, आणि आत हवा इतकी कमी की गाडी सुटताना त्यांच्या कडांना सुरकुत्या पडतात. थंड रबर कठीण असते. रस्त्याच्या बारीक खाचाखोचांत ते शिरत नाही आणि चाक घसरते. म्हणून जागा ओली करून तेथे चाके गरगर फिरवितात. घर्षणाने टायरचा पृष्ठभाग तापतो, मऊ व चिकट होतो. त्याचा थोडा थर रस्त्यावरही बसतो. मग पकड येते. प्रमाणाबाहेर तापविल्यास मात्र तेच रबर बिघडते व पकड सोडते.

रबर हे बहुवारिक आहे. म्हणजे लहान लहान रेणू जोडून झालेल्या लांबच लांब साखळ्या. उष्णता मिळाली की या साखळ्यांची चळवळ वाढते. कच्चे रबर यामुळेच उन्हाळ्यात चिकट व थंडीत ठिसूळ होई. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांस आढळले की, गंधक मिसळून तापविलेल्या रबरात हा दोष राहत नाही. गंधकामुळे साखळ्या एकमेकींस सांधल्या जातात. म्हणून टायर मऊ होतो, पण मेणासारखा वितळून वाहत नाही. प्लॅस्टिकच्या बादलीत असे सांधे नसतात. तडा गेलेली बादली तापल्या सळईने जोडलेली मुलांनी घरी पाहिली असेल. टायर तसा का जोडता येत नाही, हे त्यांनाच विचारावे.

येथे मला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. ‘उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात’ हे वाक्य मी कितीएक वर्षे फळ्यावर लिहिले. एकदा एक मुलगी म्हणाली, “गुरुजी, ताणलेले रबर गरम केले तर आखडते.” मी तिला पुस्तक नीट वाचावयास सांगून खाली बसविले. तिचेच बरोबर होते. इंग्लंडातील जॉन गफ या अंध अभ्यासकाने १८०५ साली हीच गोष्ट प्रसिद्ध केली होती. रबराची पट्टी ओठांस लावून ती एकदम ताणली की उबदार लागते आणि सैल सोडली की गार, हेही त्याचेच निरीक्षण.

प्रयोगास खर्च नाही. रुंद रबरबँड खिळ्यास अडकवून त्याला इतके वजन टांगावे की त्याची लांबी दुपटीहून अधिक होईल. किंचितच ताणलेले रबर इतर पदार्थांप्रमाणे प्रसरते. मग फजिती होते! शेजारी पट्टी उभी करून वजनाची उंची टिपून घ्यावी. नंतर गरम पाण्यात पिळलेले फडके रबराभोवती धरावे. वजन थोडेसे वर सरकते.

कारण सांगण्यास दोरी पुरे. दोघा मुलांनी सैल दोरीची टोके धरावीत व तिसऱ्याने ती मध्ये जोराने हलवावी. टोके आत ओढली जातात. तापलेल्या साखळ्याही अशाच वळवळतात आणि आपली टोके जवळ खेचतात.

दोन सूचना. हा पाठ शिकविण्यासाठी टायरचा तुकडा जाळून दाखवू नये. तो धूर विषारी असतो. आणि जुने, भेगाळलेले रबर ओठांशी ताणू नये, कारण ते तुटून डोळ्यास लागते. प्रयोगातील आकडे मुलांनीच वहीत लिहावेत. पुढील परिषदेस त्या वह्या आणाव्यात; ज्यांच्या शाळेत वजन वर सरकले नाही, त्यांच्या वह्या मी आधी पाहीन.